पहिली रोड बाईक: गिअरआधी फ्रेम पाहिली

रोड बाईक घ्यायची म्हटलं की जो तो गिअरबद्दलच बोलतो. शिमानो कंपनीच्या गिअर संचांपैकी क्लॅरिस की त्यावरचा सोरा, म्हणजे मागे दातेरी आठ चकत्या की नऊ? मी सुरुवात फ्रेमपासून केली. गिअर, टायर, सीट, चाकं पुढे केव्हाही बदलता येतात. फ्रेम बदलायची तर जवळपास सगळी सायकलच नवी घ्यावी लागते.

कार्बन माझ्या बजेटबाहेर होतं, म्हणून ॲल्युमिनियम आणि क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) स्टील एवढेच पर्याय उरले. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी. तो भरून काढायला नळ्या मोठ्या व्यासाच्या करतात. अशी फ्रेम हादरे फार देते, असं बरेच जण सांगत होते. मी दोन्ही चालवून पाहिल्या आणि फरक खरंच जाणवला. पण स्टीलच्या सायकलला ३२ मिमीचे टायर होते आणि ॲल्युमिनियमच्या सायकलला २५ मिमीचे, तेही टणक भरलेले. त्यांतली हवा थोडी कमी करून पुन्हा फेरी मारली, तर हाताला बसणारे झटके बरेच निवळले. तेव्हापासून सायकलींची तुलना करायच्या माझ्या तक्त्यात धातूपेक्षा ‘जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो’ हा रकाना वरती गेला. फ्रेमवरच्या ६०६१ या आकड्याने मिश्रधातू कोणता ते कळतं, नळी किती जाड आहे ते नाही. त्यासाठी ‘डबल बटेड’ असा उल्लेख शोधायचा: नळी वेल्डिंगच्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ.

सगळ्यात जास्त वेळ मापात गेला, आणि तो तसा जायलाच हवा. एका कंपनीची ५४ आणि दुसरीची ५४ यांत काहीच ताळमेळ नसतो. हा आकडा मुळात सीटच्या नळीच्या लांबीचा, सेंटीमीटरमध्ये. वरची नळी उतरती झाल्यापासून त्याला फारसा अर्थ राहिलेला नाही. पाहायचे ते स्टॅक आणि रीच: क्रँकच्या (पेडलचे दांडे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून हेड ट्यूबचं, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीचं, वरचं टोक किती उंच (स्टॅक) आणि किती पुढे (रीच) आहे. माझ्यासमोर दोन फ्रेम होत्या. पहिलीचा स्टॅक ५४५ आणि रीच ३८८ मिमी, दुसरीचा ५७० आणि ३७४. नुसते रीच पाहिले तर फरक १४ मिमीचा. पण मला हँडल जेवढं उंच हवं होतं, त्यासाठी पहिलीत हँडलखाली २५ मिमीचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) घालावे लागणार होते. हेड ट्यूब मागे कललेली असल्यामुळे दर १० मिमी उंचीमागे हँडल सुमारे ३ मिमी मागे सरकतं. हिशेब केला तर खरा फरक ६-७ मिमीच उरला. तेवढा छोट्या स्टेमने, म्हणजे हँडल धरणाऱ्या आखूड दांडीने, सहज निघतो. उंची एक करून मगच रीच ताडायची, हे कळल्यावर कंपन्यांचे तक्ते वाचणं फार सोपं झालं.

मग किमतीची गोष्ट. शेवटी उरलेल्या दोघींची किंमत जवळपास सारखीच होती. एकीला सोरा होता, पण फ्रेम क्विक रिलीजची (खटक्याने सुटणाऱ्या बारीक ॲक्सलची) आणि जेमतेम २५ मिमी टायर घेणारी. दुसरीला क्लॅरिस, मात्र १२ मिमीचे थ्रू-ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारे जाड ॲक्सल), कार्बन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ३२ मिमी टायरला जागा, मडगार्डसाठी भोकं आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग). हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो त्याच्या ठरावीक पान्याने आटे फिरवून उघडतो. डिस्क ब्रेकची चांगली चाकं आता बहुतेक थ्रू-ॲक्सलचीच मिळतात, म्हणजे उद्या चाकं बदलायची तर रस्ता मोकळा. शिवाय क्लॅरिसवाल्या सायकलची मागची मोठी चकती ३२ दातांची होती, सोरावालीची २८. पुढे दोन्हींत ३४ दात. चढावर उपयोग या ३२ चाच, नवव्या गिअरचा नाही. मी क्लॅरिसवाली घेतली.

वजनातल्या थोड्याशा फरकाकडे मी लक्ष दिलं नाही. मागच्या डिरेलरचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो जिथे टांगतात तो तुकडा, वेगळा काढता येतो का, हे मात्र पाहिलं. सायकल पडली की आधी तोच वाकतो, आणि तो फ्रेमचाच भाग असेल तर काम अवघड होतं. बिलावर फ्रेमचा क्रमांक आणि माझं नाव लिहून घेतलं, कारण फ्रेमची वॉरंटी पुष्कळ कंपन्या फक्त पहिल्या मालकाला देतात.