गाऱ्हाण्यात नर्सचंही नाव घ्या

आज वाडीतलं पोर लाल विंचवाच्या दंशातून बरं होऊन घरी आलं, देवापुढे गाऱ्हाणं घालून ग्रामदेवतेला नारळ ठेवला. ठेवावाच, माझीही श्रद्धा आहे. पण सगळं श्रेय देवाला देऊन माणसं विसरायची, हे पटत नाही.

कोकणात एकेकाळी या विंचवाने दवाखान्यात पोचलेली मुलंही दगावत. विषाने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन गोळी यावर वापरली आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आलं. आता जोडीला प्रतिविषही देतात.

गोळी डॉक्टर वजनावर ठरवतात, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर ३ तासांनी. म्हणजे रात्रभर कोणीतरी नर्स पावलं चाचपत असते, पोराला आडवंच ठेवते, कारण एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळतो. तिला कोणी पेढा दिला का?

नुसती कळ असेल तर प्राझोसिन लागत नाही. दरदरून घाम, उलटी, गार हातपाय दिसले की थेट दवाखाना गाठा. विंचू उतरवण्यात तास गेले तर पोर फुप्फुसात पाणी झाल्यावरच दाखल होतं.