सात उद्गारांची दुपार

उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना दुपारी १२ ते ३. येशू वधस्तंभावर असताना याच तीन तासांत देशभर अंधार पडला होता, म्हणून वेळ कुणाच्या सोयीनं हलवायची नाही, हा आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, जुना दंडक. घड्याळ मात्र दरवर्षी दगा द्यायचंच. येशूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, सात वक्ते, १८० मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला २५: वाचन, १२ मिनिटांचं मनन, प्रार्थना, गीत, दोन मिनिटं शांतता. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’वर पहिले वक्ते हमखास पाऊण तास घ्यायचे. कात्री लागायची सहाव्या उद्गाराला. आणि ‘पूर्ण झाले आहे’ हाच तर सगळ्याचा गाभा!

प्रत्येक उद्गारानंतर एक मेणबत्ती मालवली जायची. दांड्याला लावलेल्या धातूच्या टोपीनंच मालवायची, तरुण संघातलं कुणी घाईत फुंकर मारली, की काळ्या कापडावर मेणाचे ओघळ.

नवखे वक्ते खिळे, चाबूक, काटे यांच्या वर्णनात अडकायचे. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधले येशूचे वृत्तांत, ते दोन-चार शब्दांत उरकतात. वेदना किती झाल्या यापेक्षा त्या कुणासाठी, हे त्यांना सांगायचं असतं. दुसरी चूक याहून मोठी: देव म्हणजे रागावलेला बाप आणि येशू म्हणजे मार खाणारा मुलगा असं चित्र उभं करणं. त्यावर पाळकसाहेबांचा उतारा ठरलेला, बायबलमधलं २ करिंथ ५:१९. ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतःच जगाचा आपल्याशी समेट करत होता. मार्क १०:४५ मधली ‘खंडणी’ही याच प्रकाशात वाचायची, सुटका कैद्यांची होते आणि किंमत सोडवणारा स्वतः मोजतो. इब्री लोकांस पत्रातलं ‘एकदाच’ त्याला जोडलं, की सहावा उद्गार उलगडतो. यज्ञ पुन्हा करायचा उरला नाही, हे त्यातलं ‘पूर्ण’.

चौथा उद्गार म्हणजे स्तोत्र २२ चीच सुरुवात, म्हणून तिथं ते स्तोत्र अख्खं वाचायचं, ३१ ओव्या, फार तर पाच मिनिटं. पहिल्या दोन ओव्यांवर थांबलं तर ‘माझा त्याग का केलास’ हा आक्रोश तेवढा उरतो, बाविसाव्या ओवीपासूनची स्तुती कानावर पडतच नाही.

लांबण लावणाऱ्या वक्त्यांना पाचवा उद्गार द्यावा, असा तोडगा मंडळीच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांच्या सभेत निघाला. ‘मला तहान लागली आहे’ यावर कोण किती बोलणार? बोलले की, आणि सहाव्याचं आणखी वाटोळं झालं. अखेर त्यांना सातवा दिला. तीनला उपासना संपतेच.