फोडली कुरियरने, पण पॅक कुणी केली होती?

"आमच्याकडून निघाली तेव्हा एकदम ओके होती मॅडम." ऑनलाइन जुन्या रेकॉर्डी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतंच. आपण फोटो पाठवायचा, समोर दोन निळ्या टिका दिसतात, मग अर्धा दिवस शुकशुकाट आणि मग हे. वर परत "कुरियरवाले कसे असतात तुम्हाला माहितीये ना". हो, माहितीये की! मला माहितीये, तुम्हाला तर माझ्यापेक्षा जास्त माहितीये, कारण रोज पार्सलं तुम्ही पाठवता. मग एवढं सगळं माहिती असून एलपी, म्हणजे ती मोठी बारा इंची रेकॉर्ड, पेपरच्या दोन पानांत गुंडाळून का पाठवली, हा माझा साधा प्रश्न आहे आणि याचं उत्तर आजवर एकानेही दिलेलं नाही.

ताजं प्रकरण सांगते. इन्स्टावरचा एक सेलर, बाहेरच्या राज्यातला, नाव घेत नाही. त्याच्याकडून ख्यालाची एक जुनी एलपी घेतली, कोलकात्याच्या डमडममधल्या रेकॉर्ड कारखान्यातली प्रेसिंग, म्हणजे तिथे छापलेली तबकडी, कव्हर फोटोत सुंदर. किंमत अडीच हजार आणि पॅकिंग-शिपिंगचे तीनशे वेगळे, तेही दिले, घासाघीस केली नाही. खोका आला तो मिक्सरचा! त्यात एका कोपऱ्यात पेपरचे बोळे, दुसऱ्या कोपऱ्यात हवा, आणि मधे आमची एलपी इकडून तिकडे फिरतेय. बाहेरून मात्र लाल फ्रॅजाइलचे स्टिकर सगळ्या बाजूंनी. उघडून बघते तर रेकॉर्डची कड कव्हरच्या वरच्या जोडातून बाहेर आलेली, सुरी फिरवावी तसं कव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलेलं. आणि ब्राउन टेप थेट कव्हरवर लावलेली, म्हणजे ती काढायला गेलं की कव्हरवरच्या गवई बुवांचा अर्धा तंबोरा टेपबरोबर निघून येणार. शेवटी टेप तशीच ठेवलीये.

सेलरचं म्हणणं, "जोड आधीपासून थोडा उसवलेला असेल." असेल म्हणजे? तूच तर कव्हर व्हीजी प्लस, म्हणजे 'व्हेरी गुड'च्याही वरचं, म्हणून लिहिलं होतंस ना बाबा. आणि हे ओळखणं अवघड नसतं. जुना फाटलेला जोड आतून पिवळा पडलेला असतो, त्यात धुळीची काळी रेघ बसलेली असते. कालपरवा फाटलेला कागद आतून पांढराफटक दिसतो. तसा क्लोजअप काढून पाठवला तर म्हणे सरांशी बोलू का एकदा. कुठले सर? आमच्या घरात रेकॉर्डींचा नाद मला आहे, नवऱ्याला कुठली बाजू वर ठेवायची तेही कळत नाही.

आता हे जोड का फाटतात ते बघा, कारण यात कुरियरचा हात जेवढा वाटतो तेवढा नसतो. बारा इंची एलपी साधारण १२० ते १४० ग्रॅमची, हल्लीच्या जाड प्रेसिंग १८० ग्रॅमच्या. ती कव्हरमधे सुटी असते. खोका कडेवर आपटला की आतली तबकडी आपल्या वजनाने खाली जाऊन कागदाच्या जोडावर आदळते, तो जोड पन्नास वर्षांपूर्वीच्या गोंदाचा, कधीच वाळून गेलेला. तिथपासून इथे पुण्यापर्यंत खोका किती वेळा आपटतो ते विचारूच नका. यावरचा उपाय फुकट आहे, अक्षरशः फुकट. रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढायची, तिच्या आतल्या पाकिटात ठेवूनच कव्हरच्या मागे लावायची आणि दोन्ही मिळून एका प्लास्टिकमधे घालायची. झालं. पाठवणाऱ्याची दोन मिनिटं जातात, बास. ज्याला एवढंही करायचं नाही त्याने रेकॉर्डी विकू नयेत, भांडी विकावीत, भांड्यांना पोचा पडला तरी चालतं.

नीट पॅकिंग कसं असतं ते मला दादरच्या एका काकांमुळे कळलं. रिटायर झालेले आहेत, स्वतःचाच संग्रह थोडा थोडा विकतात. त्यांचं पार्सल उघडायला दहा मिनिटं लागतात आणि एकदाही कात्री लागत नाही कारण प्रत्येक टेपचं टोक त्यांनी दुमडून ठेवलेलं असतं, धरायचं आणि ओढायचं. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना नळीचा पुठ्ठा, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनही दाबलं तरी वाकत नाही. पुठ्ठे कव्हरपेक्षा बोटभर मोठे, म्हणजे खोका कोपऱ्यावर पडला तर पुठ्ठ्याचा कोपरा चेपतो, कव्हरचा नाही. आणि आत एक चिठ्ठी: "रेकॉर्ड कव्हरच्या मागे आहे, आत शोधू नये." हे सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलात तर किरकोळ पैशात मिळतं, मुंबईतही मिळत असणारच, त्यामुळे परवडत नाही वगैरे मला सांगू नका. काही जण पिझ्झाचा खोका वापरतात. बारा इंचीत कव्हर बसत नाही आणि चौदा इंची इतका पातळ की नुसता हातात धरला तरी वाकतो.

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींची तर गोष्टच वेगळी. त्या लाखेच्या, पडल्या की सरळ तुकडे. बालगंधर्वांच्या ७८ वाल्या रेकॉर्डी कुणी कुरियरने पाठवतो म्हटलं की मी हात जोडते. त्या बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन, हातात घेऊन, उन्हात तिरकी धरून, चीर आहे का बघून घ्यायच्या आणि मांडीवर ठेवून रिक्षाने घरी आणायच्या.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे १९३० चा माल विक्री कायदा आहे. एरवी माल वाहतूकवाल्याच्या ताब्यात दिला की तो गिऱ्हाइकाला दिला असंच धरतात, सेलर लोक त्याच्याच जोरावर बोलतात. पण त्याच ३९ व्या कलमात पुढे असंही आहे की मालाचं स्वरूप बघून वाहतुकीचा योग्य तो करार करणं विकणाऱ्याचं काम, ते त्याने केलं नाही आणि वाटेत नुकसान झालं तर गिऱ्हाईक म्हणू शकतं की मला माल मिळालाच नाही. शिवाय २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला सेलर नकार देऊ शकत नाही. मात्र काकांसारखा कुणी हौसेने घरातलं चार-दोन विकत असेल तर हे २०२० चे नियम त्याला लागत नाहीत, महिन्याला ढीगभर माल काढणाऱ्याला लागतात. आणि पोस्टाने मागवत असाल तर भरपाईची आशा सोडाच, १८९८ च्या कायद्यापासून पोस्टाने हात वर केलेत आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही अपवाद सोडले तर तेच आहे. म्हणजे फिरून जबाबदारी कुणावर येते? कुरियर निवडलं सेलरने, खोका निवडला सेलरने, पावती त्याच्या नावावर, कुरियरकडे तक्रार करायची तरी ती बहुतेक वेळा त्यालाच करावी लागते. मी फक्त पैसे दिलेत.

त्यात हल्ली नवीन टूम, अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर क्लेम नाही. ठीके, काढते मी व्हिडिओ, एका हातात फोन आणि एका हातात कटर घेऊन. मग तुम्ही पण पॅकिंगचा व्हिडिओ काढा ना! विचारलं की गप्प.

थोडं आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. तीन हजारांची रेकॉर्ड घेतात आणि पॅकिंगचे शंभर रुपये जास्त सांगितले की "काय राव, ते सोडा की". मग सेलरही सोडतो, खोकाच सोडतो. आणि उन्हाने रेकॉर्ड वाकली तर मी सगळा दोष सेलरला देत नाही, एप्रिलमधे डिलिव्हरीवाल्याच्या काळ्या बॅगेत दिवसभर राहिली तर व्हिनाइलची तबकडी वाकणारच. पण शुक्रवारी संध्याकाळी पाठवून ती शनिवार-रविवार कुठल्यातरी पत्र्याच्या गोडाऊनमधे तापत ठेवायची का, हे तर त्याच्या हातात असतं.

माझ्या प्रकरणात सेलरने "गुडविल म्हणून" दोनशे रुपये देऊ केलेत. मी कलमासकट लांबलचक मेसेज टाकलाय, टिका निळ्या झाल्यात, बघू. काकांकडे मात्र दोन एलपी बाजूला ठेवायला सांगितल्या. ते म्हणाले एक-दोन पाऊस होऊन हवा गार झाल्याशिवाय माझ्याकडून माल निघत नाही. म्हटलं चालेल, पैसे तरी आत्ता घ्या. तर म्हणे पैसेही तेव्हाच पाठवा, आधी रेकॉर्ड वाजवून बघा.