चोच बघायची राहून गेली

रविवार. ओहोटी पूर्ण लागल्यावर कातळावर जाऊन बसले. पुढच्या डबक्यात समुद्र बगळा होता. पाटीसारखा काळसर करडा, गळा तेवढा पांढरा. अर्धवट पंख उघडून धावायचा, पायाने तळ ढवळायचा, थबकायचा. पलीकडे एक पांढराशुभ्र बगळा. वहीत ‘लहान बगळा, १’ लिहून टाकलं, पुन्हा दुर्बीण लावली आणि नजर चोचीवर अडली.

लहान बगळ्याची चोच काळी, बारीक, सरळ. ही जाड, पिवळट तपकिरी, टोकाकडे किंचित झुकलेली. म्हणजे हाही समुद्र बगळाच!

या जातीत दोन रंग असतात हे मला ठाऊक होतं. तो फरक नर-मादीचा नाही आणि ऋतूचाही नाही. दोन्ही रंगांचे बगळे आपसात जोड्या जमवतात. मधलेही असतात, करड्यावर पांढरे डाग पडलेले. पण कुठल्या किनाऱ्यावर कोणता रंग किती, हे मात्र सगळीकडे सारखं नाही. मॉरिटानिया ते गॅबॉन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेत, जवळजवळ सगळे काळसर. पांढरा तिथे विरळाच. तांबड्या समुद्रापासून भारत-श्रीलंकेपर्यंतची उपजात वेगळी, चोचीने फिकट नि दणकट, आणि तिच्यात पांढरे सर्रास आढळतात. १७९२ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं ते ‘गुलारिस’, गळ्यावरून. पांढऱ्यात ती खूण शोधणार कुठे?

पूर्वेकडचा भाऊबंद, प्रशांत महासागरातला समुद्र बगळा, तोही दोन रंगांत येतो. उष्ण बेटांवर पांढरे पुष्कळ, न्यूझीलंडमध्ये मात्र करडेच.

असं का? खडकांत काळा लपतो, उजळ आकाशापुढे पांढरा माशांना कमी दिसतो, असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. आज दोघं एकाच कातळावर, एकाच डबक्यात मासे टिपत होते, आणि भरती येईपर्यंत कुणीच उपाशी दिसला नाही.

संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. खडकाळ किनाऱ्यावरच्या ‘लहान बगळा’ अशा सतरा नोंदी निघाल्या. चोचीबद्दल एकीतही शब्द नाही. प्रत्येकीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.