शेव्हरोलेट 3100 ला फोर्ड एक्सप्लोररचा मागचा एक्सल: आधी टॉर्क ट्यूबचं काय ते ठरवा

1947 ते 1954 मधली शेव्हरोलेट 3100 पिकअप हायवेवर ताशी 55 मैलांच्या पुढे गेली की इंजिन ओरडायला लागतं. कारण मागे आहे : एक्सलमधला 4.11 चा क्राउन-पिनियन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.11 फेरे पाडणारी दातेरी चाकांची जोडी. 28 इंची टायरवर ताशी 60 मैलांना इंजिनाचे मिनिटाला साधारण 2,960 फेरे पडतात. 3.73 घातला तर 2,690, 3.55 ला 2,560. त्यात जुनं 216 घनइंची इंजिन असेल तर फरक जास्तच जाणवतो. त्याच्या कनेक्टिंग रॉडना बॅबिटची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगं आहेत आणि तेल बऱ्याच अंशी उडवून पोचवलेलं. जास्त फेऱ्यांवर तासन्‌तास पळवायला ते बनवलेलंच नाही.

पण नुसता एक्सल आणून बसवू म्हणाल तर फसाल. या गाड्यांचा प्रोपेलर शाफ्ट उघडा नाही, तो टॉर्क ट्यूबच्या आत फिरतो आणि ती ट्यूब पुढे गिअरबॉक्सला गोलाकार सांध्याने जोडलेली असते. उघडा शाफ्ट 1955 च्या पहिल्या मालिकेपासून आला. म्हणजे एक्सल बदलायचा तर गिअरबॉक्सही उघड्या शाफ्टचा हवा. शेव्हरोलेटच्या एस-10 पिकअपमधला टी-5 हा 5 गिअरचा गिअरबॉक्स बरेच जण घालतात. गिअरबॉक्स बदलायचा नसेल तर टॉर्क ट्यूब तशीच ठेवून आतला क्राउन-पिनियन 3.55 चा करता येतो. आमच्या मते बाकी गाडी मूळ अवस्थेत असेल तर तेच शहाणपणाचं.

गिअरबॉक्स बदलणारच असाल तर फोर्ड एक्सप्लोररचं 8.8 इंची हाऊसिंग उत्तम. 1995 ते 2001 मधलं घ्या. त्यात मागे डिस्क ब्रेक मिळतात आणि एक्सल शाफ्ट 31 स्प्लाइनचे (टोकाला 31 खाचांचे) असतात. भंगारवाल्याकडे कव्हरवरची पट्टी वाचा. ‘3L73’ असेल तर 3.73 आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरू न देणारं डिफरेन्शियल), मधे L नसेल तर साधं डिफरेन्शियल. पट्टी पडली असेल तर दाराच्या स्टिकरवरचा एक्सल कोड पाहा. D4 म्हणजे 3.73 लिमिटेड स्लिप.

एक्सलची एका हबच्या तोंडापासून दुसऱ्यापर्यंत रुंदी साधारण 59½ इंच. जुन्याची तशीच मोजा आणि मगच रिमची ऑफसेट ठरवा. फोर्डला 5 बोल्ट 4½ इंच वर्तुळावर, 3100 ला 6 बोल्ट 5½ इंचावर. बोल्ट जुळवायला मधे अ‍ॅडॅप्टर घालाल तर त्याची जाडी प्रत्येक बाजूला वाढते, हे हिशेबात धरा.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते पिनियनवर. 8.8 चा पिनियन मध्यावर नाही, उजवीकडे साधारण 2 इंच सरकलेला आहे, आणि एक्सलची डावी ट्यूब लांब आहे. पिनियन मध्यावर आणायला जाल तर एक चाक मडगार्डला घासेल. चाकं मध्यावर ठेवा. शाफ्ट थोडा तिरका गेला तरी क्रॉसना (शाफ्टच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटना) फरक पडत नाही.

पाटे (लीफ स्प्रिंग) ज्यावर टेकतात त्या जुन्या बैठका कापताना एक्सलच्या ट्यूबला ग्राइंडर लागू देऊ नका. वेल्डचा पातळ थर ठेवा आणि तो सावकाश घासा. ट्यूब 3¼ इंच व्यासाची. नव्या बैठका ट्यूबच्या मापाच्या आणि पाट्याच्या रुंदीच्या घ्या. एक्सप्लोररचा पाटा 2½ इंच रुंद, 3100 चा 1¾.

बैठका आधी नुसत्या टॅक करा, म्हणजे वेल्डच्या एकदोन ठिपक्यांनी धरून ठेवा. गाडी चाकांवर उभी, बॉडी आणि नेहमीचं वजन वर, तेव्हाच कोन मोजा. गिअरबॉक्सचं शेपूट 3 अंश खाली असेल तर पिनियन 1 ते 2 अंश वर ठेवा. जोर लागला की पाटे वळून पिनियन उचलतो आणि दोन्ही कोन जुळतात. जॅकवर टांगलेल्या गाडीत मोजलेला कोन कचऱ्यात टाका. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत 116 इंच भरतात का, तेही पाहा. ⅛ इंचापेक्षा जास्त फरक नको.

वेल्ड करताना एकेक इंचाचे टाके, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मधे ट्यूब हाताला कोमट वाटेपर्यंत थांबा. सलग ओढलं तर ट्यूब वाकते, एक्सल शाफ्ट बेअरिंगमधे तिरके बसतात आणि सील दोन महिन्यांत गळतात. वेल्डिंगआधी शाफ्ट, सील, बेअरिंगं काढून ठेवा. अर्थ क्लॅम्प हाऊसिंगलाच लावा.

पिनियनला क्रॉस बसवायचा जू (योक) नसतो, गोल फ्लँज असते, 12 कोनी डोक्याच्या 4 बोल्टची. तिला क्रॉसची फ्लँज घ्या. शाफ्टची लांबी गाडी खाली असताना मोजा. स्लिप योक (गिअरबॉक्समधे आतबाहेर सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत दाबून ¾ ते 1 इंच बाहेर ओढा, तीच जागा. बॅलन्स करून घ्या, खर्च वाचवू नका.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर मूळचा एका सर्किटचा आणि फ्लोअरखाली आहे. दोन सर्किटचा (ड्युअल) लावा. तो कॅलिपरपेक्षा खाली पडला तर द्रव मागे ओघळतो आणि पेडल पहिल्या दाबात खोल जातं. डिस्कच्या लाइनमधे 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमधे थोडा दाब धरून ठेवणारा) टाका, ड्रमला 10 पीएसआयचा. हँडब्रेकचे शू डिस्कच्या टोपीत असतात. जुन्या केबलची लांबी जुळत नाही, नवी बनवा.

लिमिटेड स्लिप असेल तर तेलाबरोबर 4 औंस फ्रिक्शन मॉडिफायर, नाहीतर वळणावर क्लच कुरकुरतात. एक्सलचा ब्रीदर (हवा बाहेर सोडणारी नळी) साफ आहे ना पाहा. तो बुजला तर तेल गरम होऊन सीलमधून थेट ब्रेकवर येतं. पहिल्या 100 मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, तोवर पाटे आणि नवी बैठक दोन्ही दबलेले असतात.