गावावरचा लेख आणि पान क्रमांक

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि आज त्यावरील लेखांची संख्या एक लाखाच्या आसपास आहे. त्या लाखात आपल्या विदर्भातील खेड्यांवरचे लेख पुष्कळ आहेत, पण त्यांपैकी बहुतेक उघडून पाहिले तर एकच वाक्य भेटते: अमुक हे महाराष्ट्र राज्याच्या अमुक जिल्ह्यातील अमुक तालुक्यातील एक गाव आहे. त्याखाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षके ओळीने मांडलेली असतात आणि कित्येक ठिकाणी त्यांच्याखाली काहीच नसते. हवामानाचा परिच्छेद असलाच, तर तो शेजारच्या गावाच्या लेखातही शब्दशः तोच असतो. आपल्या गावाचे नाव इंटरनेटवर पाहून खेड्यातल्या मुलाला जो आनंद होतो, तो त्या पहिल्या वाक्याबरोबरच संपतो. अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात राहून, सवड मिळेल तेव्हा मी या लेखांवर काम करतो आणि माझे मत आता पक्के झाले आहे की, नवे लेख उघडण्याची घाई काही काळ थांबवून, जे आहेत त्यांतील प्रत्येक विधानाखाली ग्रंथ, वर्ष आणि पान क्रमांक आणण्याकडे आपण वळले पाहिजे. हे काम एकट्याने होत नाही आणि ते एकट्याने होऊ नये, हेच मला येथे सविस्तर सांगायचे आहे.

विकिपीडियावर लिहिणारे सगळे स्वयंसेवक असतात. प्रचालकांना, म्हणजे देखरेख करणाऱ्या निवडक सदस्यांना, पाने सुरक्षित करण्याचे किंवा वगळण्याचे जादा अधिकार असतात, पण मजकुराच्या खरेपणावर त्यांचा शब्द अखेरचा नसतो. अखेरचा शब्द संदर्भाचा. वाचकाला पडताळून पाहता येईल असाच मजकूर लिहावा, वाद असेल तर महत्त्वाच्या सर्व बाजू त्यांच्या वजनाप्रमाणे मांडाव्यात आणि स्वतःचे संशोधन किंवा तर्क लेखात घुसवू नये, या तीन नियमांवर सगळा डोलारा उभा आहे. प्रत्येक लेखामागे एक चर्चा पान असते आणि एक इतिहास असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे त्या इतिहासात कायमचे राहते. सर्वांना लागू असणारे प्रश्न चावडी या सामाईक चर्चेच्या पानावर मांडले जातात. एखाद्या वाक्याबद्दल शंका असेल तर ते वाक्य लगेच न पुसता त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावता येते. ती खूण पाहून नवे लोक दुखावतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्यक्षात ती कोणीतरी आपले वाक्य काळजीपूर्वक वाचल्याची खूण असते.

एक वाक्य कसे घडत जाते, याचे उदाहरण म्हणून अचलपूरजवळच्या चमक या गावाकडे पाहावे. या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला आणि अभ्यासकांच्या लेखनात तो चम्मक ताम्रपट म्हणून ओळखला जातो. आता एखाद्या उत्साही तरुणाने लेखात लिहिले की, ‘आमचे गाव वाकाटक राजाने ब्राह्मणांना दान दिले होते.’ वाक्य साधारण बरोबर आहे, पण ज्ञानकोशाच्या कामाचे नाही. पहिला संपादक विचारील, हे कोठे छापले आहे? दुसरा कोणी १८८८ सालचा, ब्रिटिश अभ्यासक फ्लीट यांचा कोरीव लेखांचा खंड इंटरनेटवरच्या स्कॅनमधून शोधून काढील आणि दाखवून देईल की ताम्रपटात गावाचे नाव ‘चर्मांक’ असे आहे, ते मधुनदीच्या काठी भोजकट राज्यात असल्याचे म्हटले आहे आणि ८,००० भूमी या मापाचे हे गाव १,००० ब्राह्मणांना दिल्याचा उल्लेख आहे. तिसरा त्यावर विचारील की, चर्मांक म्हणजेच आजचे चमक हे ताम्रपट सांगतो, की अभ्यासक सांगतात? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ताम्रपट आजच्या गावाबद्दल काहीच सांगत नाही. ती ओळख अभ्यासकांनी पटवली आहे, म्हणून वाक्यात ती अभ्यासकांच्या नावानेच यायला हवी. वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व कोरीव लेख १९६३ साली एका खंडात संपादित करून प्रसिद्ध केले, तेव्हा फ्लीटचे जुने वाचन आणि मिराशींचे वाचन शेजारी ठेवून पाहणारा चौथा संपादकही लागतो. एवढे सगळे झाल्यावर लेखात दोनच वाक्ये उरतात, पण ती कोणालाही पडताळता येतात आणि दहा वर्षांनी येणाऱ्या अनोळखी माणसालाही त्यांच्यावर पुढे बांधता येते. गावाचा अभिमानही त्यात कमी होत नाही. पाचव्या शतकातील राजाच्या दानपत्रात आपल्या गावाचे नाव असणे, ही गोष्ट सजवल्याशिवायही पुरेशी मोठी आहे.

यातले पुस्तक बहुतेक वेळा एकाकडे असते आणि लिहिण्याची सवड दुसऱ्याकडे. खेड्यातल्या वाचनालयात जुन्या स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, तालुक्याच्या इतिहासावरची घरगुती प्रकाशने कपाटात पडून असतात आणि त्यांपैकी फारच थोडे कोठे स्कॅन झालेले असते. उलट पुण्या-मुंबईच्या संपादकाकडे चांगले इंटरनेट, संदर्भाचे साचे (ग्रंथ, लेखक, वर्ष, पान भरायचे ठरलेले नमुने) भरण्याचा सराव आणि शोधनिबंध मिळवण्याच्या वाटा असतात, पण आमच्या तालुक्यातली स्मरणिका त्याला कोणत्याही किमतीला मिळणार नाही. म्हणून आमच्याकडचा माणूस पान उघडून नेमका मजकूर, मुखपृष्ठावरची माहिती आणि पान क्रमांक चर्चा पानावर लिहितो, आणि दुसरीकडचा माणूस ते लेखात नीट बसवतो. मोबाईलवर बोटांनी संदर्भाचा साचा भरणे जिकिरीचे असते आणि वीज गेली की अर्धवट लिहिलेलेही जाते. तेव्हा कामाची ही वाटणी अगदी व्यावहारिक आहे. मात्र एक पथ्य दोघांनाही पाळावे लागते. जे पुस्तक आपण पाहिले नाही, त्याचा संदर्भ इंग्रजी लेखातून जसाच्या तसा उचलू नये. जेथे पाहिले तेच सांगावे.

जुने गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीचे सरकारी ग्रंथ, हा आमचा मोठा आधार आहे, पण तो हाती घेतला की सावध राहावे लागते. वाशिमचेच पाहा. १८७० सालच्या वऱ्हाडाच्या गॅझेटियरमध्ये बाशीम, म्हणजेच वाशिम, हा स्वतंत्र भाग आहे. १९०५ च्या फेररचनेत तो जिल्हा मोडला गेला आणि वाशिम अकोल्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून निघाला. त्यामुळे एकाच गावाचा जिल्हा तीन पुस्तकांत तीन तऱ्हेचा दिसतो आणि तिन्ही पुस्तके आपापल्या वर्षी बरोबर असतात. ज्याला हे माहीत नाही तो दुसऱ्यांचे बदल उलटवत बसतो. ज्याला माहीत आहे तो संदर्भात वर्ष लिहितो आणि वाद तेथेच मिटतो. एकाच नावाच्या खुर्द आणि बुद्रुक गावांची माहिती एकमेकांत मिसळलेली असते, ती वेगळी करायला २०११ च्या जनगणनेतील गावाचा सांकेतिक क्रमांक उपयोगी पडतो. लोकसंख्येचा आकडा देताना मात्र तो २०११ चा आहे हे सांगितलेच पाहिजे, कारण त्यानंतरची जनगणना लांबत गेली आणि वाचक जुन्या आकड्याला आजचा समजतो.

कधी कधी दोन्ही संदर्भ भारदस्त असतात आणि तरी त्यांचे जमत नाही. लोणारच्या सरोवराचे वय हे त्याचे आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. तापदीप्ती पद्धतीने, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून, केलेल्या मोजणीत ते सुमारे ५२,००० वर्षे आले. पुढे आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. फरक दहा पटींहून अधिक आहे. अशा वेळी संपादकांनी बहुमत घेऊन एक आकडा निवडणे, किंवा दोहोंच्या मधला काहीतरी धरणे, ही दोन्ही कामे चुकीची ठरतात. कोणी, कोणत्या पद्धतीने, कोणत्या वर्षी मोजले हे सांगून दोन्ही आकडे द्यावेत आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यांबद्दल काय म्हटले आहे ते त्यांच्याच हवाल्याने लिहावे, एवढेच आपले काम. लवणासुर या राक्षसाची कथाही लेखात यावी, ती तेथील श्रद्धेचा आणि स्थलपुराणाचा भाग म्हणून यावी, भूशास्त्राच्या परिच्छेदात येऊ नये. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा तर्कांना उधाण आले होते. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष पुढे आल्यावर लेखांना धरायला ठोस आधार मिळाला. तोवर वाट पाहणे, हाही संपादनाचा भाग आहे.

सर्वांत अवघड प्रश्न तोंडी माहितीचा आहे आणि मी त्यावर बराच विचार केला आहे. आमच्याकडचे एक वृद्ध गृहस्थ गावातल्या विहिरीचा, मठाचा, फाळणीआधीच्या बाजाराचा इतिहास तासन्‌तास सांगतात. त्यांना मी संदर्भ विचारला तेव्हा ते म्हणाले, “मले माह्या आज्यानं सांगतलं, आता त्याचा कागद कुठून आणू बाप्पा?” त्यांचे म्हणणे न्याय्य आहे. ज्या समाजांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या लेखणीच नव्हती, त्यांचा इतिहास छापील पुराव्याच्या अटीमुळे ज्ञानकोशाबाहेर राहतो, हे मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांवरचे लेख शोधू गेल्यास लगेच जाणवते. तरीही नियम सैल करावा असे मला वाटत नाही, कारण तोच नियम उद्या एखाद्या पुढाऱ्याच्या वंशावळीला किंवा देवस्थानाच्या जागेच्या दाव्याला थोपवून धरतो. उपाय विकिपीडियाच्या बाहेर आहे. महाविद्यालयांनी, ग्रंथालयांनी, स्थानिक नियतकालिकांनी या माणसांच्या मुलाखती नावानिशी आणि तारखेनिशी छापाव्यात, अभ्यासकांनी त्या तपासाव्यात. मग त्या लेखात ‘स्थानिक आठवणींनुसार’ या रूपाने येऊ शकतात. हे काम तातडीचे आहे, कारण सांगणारी पिढी नव्वदीकडे झुकली आहे.

वृत्तपत्रांच्या बातम्या आम्ही वापरतो, पण एका फेऱ्याची भीती सतत असते. विकिपीडियावरचे बिनसंदर्भाचे वाक्य एखाद्या बातमीत उतरते आणि काही महिन्यांनी तीच बातमी त्या वाक्याचा संदर्भ म्हणून परत येते. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या शकुंतला रेल्वेबद्दल, इंग्लंडमधील कंपनीला दर वर्षी मोठी रक्कम दिली जाते, असे अनेक बातम्यांत वाचायला मिळते. रकमेचे आकडे मात्र एकसारखे नसतात आणि मूळ करार कोणी पाहिला हे क्वचितच सांगितलेले असते. अशा वेळी लेखाचा इतिहास उघडून ते वाक्य प्रथम केव्हा आले आणि बातमी केव्हाची, याची तारीख जुळवून पाहणे हे किचकट पण आवश्यक काम आहे. बातम्यांचे दुवेही लवकर मरतात, म्हणून दुवा देतानाच त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्ह या जुनी पाने जपणाऱ्या संकेतस्थळावर साठवून तोही पत्ता जोडावा. युनिकोडपूर्व, म्हणजे संगणकावर मराठी अक्षरांचे एकच प्रमाण रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये तयार झालेल्या मराठी पीडीएफमधला मजकूर तर शोधयंत्राला सापडतच नाही. तो माणसानेच पान उलटून शोधावा लागतो.

नव्या लोकांशी वागण्याबद्दल मला थोडे कळकळीने सांगायचे आहे. मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास कार्यशाळा होतात, उत्साहाने खाती उघडली जातात, आणि पहिल्याच दिवशी वृत्तपत्रातला मजकूर जसाच्या तसा चिकटवल्यामुळे तो काढला जातो. काढणे योग्यच आहे, प्रताधिकाराचा (कॉपीराइटचा) प्रश्न असतो. पण काढणाऱ्याने चर्चा पानावर दोन ओळी लिहिल्या, त्याच बातमीवरून स्वतःच्या शब्दांत एक वाक्य करून दाखवले, तर तो माणूस पुन्हा येतो. धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, सराव करा एवढे सांगून सोडून दिलेला माणूस बहुधा येत नाही. खेड्यातून लिहिणारे इतके थोडे आहेत की त्यांतला एक जाणे म्हणजे एका तालुक्याची कपाटे पुन्हा बंद होणे आहे.

प्रताधिकारावरून एक जवळचे काम आठवते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आमच्याकडे घरोघर वाचली जाते आणि ती विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथांच्या भावंड प्रकल्पावर, का नाही, असे लोक विचारतात. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे प्रताधिकार चालतो. महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले, तेव्हा हा ग्रंथ १ जानेवारी २०२९ पासून मुक्त होईल. विकिस्रोतावर प्रत्येक पान एकाने स्कॅनशी ताडून दुरुस्त करायचे आणि दुसऱ्याने ते पुन्हा तपासून प्रमाणित करायचे अशी रीत आहे. तेव्हा कोणती आवृत्ती धरायची, पाठभेद कसे नोंदवायचे, ओव्यांचे क्रमांक कोण तपासणार, हे ठरवायला आताच सुरुवात करता येईल. ज्यांच्या घरी सुरुवातीच्या आवृत्तीची प्रत असेल त्यांनी तिच्या मुखपृष्ठावरचे आवृत्तीचे वर्ष आणि मुद्रणालयाचे नाव टिपून ठेवावे, आणि प्रत वाळवीपासून जपावी.