गोंदणावरचं कुंकू

फोटोवर भरतकाम करते म्हटलं की लोकांना वाटतं, फोटो धरायचा नि सुई घालायची. मूळ फोटोला मी सुई लावतच नाही. स्कॅन करून कापसाच्या जाड कागदावर मॅट प्रिंट काढते, मागून खळीनं मलमल डकवते. भोकं सगळी आधी टोचून घेते, कारण कापडावरचा टाका उसवता येतो, कागदावरचं भोक तसंच राहतं. दोऱ्याच्या सहा पदरांतला एकच घ्यायचा. टाके दाट पडले की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो आणि गालाचा तुकडा हातात येतो. एवढं करून वर ऐकायचं, "दोराच तर आहे ताई, कमी करा की!"

मध्यंतरी शिरोळकडची एक मुलगी आजीचा फोटो घेऊन आली. स्टुडिओतला, आजोबा गेल्यानंतरचा, कपाळ मोकळं. तिला त्यावर नथ हवी होती, आजीच्याच विरलेल्या इरकल लुगड्याचा काठ हवा होता आणि ठसठशीत कुंकू. काठाचं मला नवल नाही. रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या छापील चित्रांना लोक जर, टिकल्या, कापडाची लुगडी चिकटवून सजवायचे. कुंकवापाशी मात्र मी थांबले. "घरी विचारलंयस का?"

"ताई, हेरवाडनं २०२२ लाच ठराव केलाय. विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. आमच्याच तालुक्यातलं गाव. आता कुणाला विचारायचं?"

काम घेतलं. चेहरा जरा वळलेला, म्हणून नथ नाकाच्या उताराला धरून काढली. मोत्यांना सायीच्या रंगाच्या गाठी, मधला खडा लाल. ती नथ झकास जमली, हे मीच सांगते.

कुंकवासाठी कपाळ स्क्रीनवर मोठं केलं, तर भुवयांमध्ये एक फिकट ठिपका. गोंदण! स्टुडिओवाल्यानं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते जवळजवळ घालवलेलं. सुरकुती, देवीचा व्रण, गोंदण, सगळं त्या रीटचरांना सारखंच. मुलीला दाखवलं. "असू दे, कुंकू तिथंच येतं," म्हणाली. मग कपाळावर एकही भोक न पाडता वेगळ्या मलमलीवर लाल साखळी टाका गोल गोल फिरवत नेला, कडा आत दुमडल्या आणि ती चकती नुसत्या खळीनं बसवली.

फोटो न्यायला मुलीबरोबर तिची आई आली. काठावरून हात फिरवला, नथ पाहून हसल्या. मग कपाळाकडे बघत म्हणाल्या, "आईचं गोंदण कुठाय?"

मी स्क्रीनवर दाखवलं.

"लग्नाआधीचं आहे ते. कुंकू पुसल्यावर कपाळावर तेवढंच राहिलं होतं तिच्या. ते का झाकलंत?"

मुलगी म्हणाली, "झाकलं नाही गं, दिलंय तिला परत."

"तिनं मागितलं होतं का?"

दोघी माझ्यासमोरच बराच वेळ वाद घालत होत्या. दोघींचंही पटत होतं, म्हणून मी बिल करत बसले. निघताना आईंनी हळूच विचारलं, "हे निघतं का?" म्हटलं, खळ आहे, ओल्या कापसानं सुटेल. त्यांनी मान डोलावली.

काल मुलीचा मेसेज आला. कुंकू टाके घालून पक्कं करून द्याल का, आणि आईला सांगू नका.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. पक्कं करायचं तर सुई गोंदणातूनच जाणार.